आमची बंदूक आणि बातमीतला गावठी कट्टा

कुणगेवाला
६ नोव्हेंबर २०२४

चावदिसाच्या, म्हणजे नरक चतुर्दशीच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. आई पडवीत पोहे निवडत होती. शेजारचा मुलगा पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, तुमची बंदूक पेपरात आलीय." आईने चष्मा लावला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि मला हाक मारली. "आपल्या बंदुकेचो फोटो चोरांवांगडा कित्याक छापल्यानी?"

फोटोत टेबलावर अकरा बंदुका ओळीने ठेवलेल्या. डावीकडून चौथी आमची. दस्त्याच्या मानेला तांब्याची तार गुंडाळलेली आहे, त्यामुळे शंकाच नको. १९९८ च्या पावसाळ्यात दस्ता तडकला तेव्हा बाबांनी ती तार स्वतः गुंडाळली होती. बारा बोअरची एकनळी, आमच्याकडे म्हणतात तशी सिंगल बारी. परवाना शेतीसंरक्षणाचा. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, नोटीस आली आणि भात कापणीला आलेलं असताना मी ती ठाण्यात नेऊन जमा केली. पावती घरात आहे.

फोटोखालची बातमी दुसऱ्याच तालुक्यातली होती. स्थानिक गुन्हे शाखेने एका तरुणाला एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसांसह पकडलं होतं. कट्ट्याचा फोटो हाताशी नसावा, म्हणून जमा झालेल्या बंदुकांचा लावून दिला. वर मथळ्यात 'शस्त्रसाठा' हा शब्द. बंदुका कुणाच्या, कशासाठी ठेवल्यात, एक अक्षर नाही. पेपराचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच पेपरात होतं असं नाही. त्यानंतर चार दिवस मी बाजारात गेलो की कुणी ना कुणी विचारायचं, "सोडवून आणलीस काय रे?"

आमच्याकडची बंदूक म्हणजे काय ते सांगतो. रात्री डुकरं आली की मांगरावरून, म्हणजे शेतातल्या खोपटावरून, हवेत बार काढायचा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, तेव्हा बहुतेक वेळा आवाजावरच काम भागवावं लागतं. बाबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून पोलीस पडताळणी, डॉक्टरचा दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सगळं जोडलं आणि ओरोसला, आमच्या सिंधुदुर्गाच्या जिल्हा कचेरीत, खेटे घातले. एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवायची, वर्षाला किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या (तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते असंही आहे. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमच्यासारखा शेतकरी होता. बातमी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तो नसतो.

'गावठी' या शब्दाचंही मला वाईट वाटतं. आमच्याकडे गावठी कोंबडा, गावठी अंडी, गावठी तूप म्हणजे खात्रीचा माल. हे कट्टे आमच्या गावात बनतच नाहीत, दुसऱ्या राज्यातून येतात. 'देशी बनावटीचे पिस्तूल' हा दुसरा शब्द. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल देशी बनावटीचीच आहे, कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हरही देशी बनावटीचंच आहे. ती परवान्यावर मिळतात. पण बातमीत 'देशी' म्हणजे चोरटं आणि 'विदेशी' म्हणजे भारी, असं ठरूनच गेलंय.

बातमीदाराने तीन गोष्टी विचारून लिहाव्यात एवढीच माझी मागणी आहे. हत्यार परवान्यावरचं की विनापरवाना, ते नेमकं कुठलं, आणि त्यातलं काडतूस आलं कुठून. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कट्टा भट्टीवर ठोकून बनवता येत असेल, पण 'जिवंत काडतुसे' कारखान्यातून येतात. कारखान्यातून निघालेली वस्तू त्या तरुणाच्या खिशात कशी गेली, हे मी आजवर एकाही बातमीत वाचलेलं नाही.

इथे परवानाधारक बरेच असतील. तुमचा अनुभव काय?

नेमबाज_कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२४

पूर्ण सहमत. मी बारा वर्षं क्लबवर सराव करते, .२२ स्पोर्ट्स पिस्तूल. रेल्वेने स्पर्धेला जाताना केस, परवाना, संघटनेचं पत्र, सगळं हाताशी ठेवावं लागतं आणि तरी डब्यातली माणसं पेटीकडे बघत राहतात. एकदा एका आजींनी मुलाला माझ्या शेजारून उठवून पलीकडे बसवलं. त्यांचा दोष नाही. त्यांनी पिस्तूल फक्त टीव्हीवर पाहिलंय, आणि तिथे ते कायम कुणाच्या तरी खुनात असतं.

गेल्या महिन्यात १२ तारखेला वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकींचा खून झाला. त्यानंतर दोन दिवस वाहिन्यांवर '९.९ एमएम पिस्तूल' असं चाललं होतं. अशा मापाचं काडतूस मी कधी पाहिलेलं नाही. कुणीतरी एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी उचललं. इतक्या मोठ्या बातमीत हे होतं, तर तालुक्याच्या बातमीचं काय होत असेल.

पण मनात आणलं तर हेच लोक नीट लिहितात. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने कांस्य जिंकलं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पेपरातसुद्धा '५० मीटर रायफल थ्री पोझिशन' अगदी बरोबर छापलं होतं. गुडघ्यावर, पालथं झोपून, उभ्याने, तिन्ही पवित्रे चित्रांसकट समजावले होते. त्या दिवशी मी पेपर जपून ठेवला.

बोरू_झिजवतो
७ नोव्हेंबर २०२४

पंधरा वर्षं जिल्हा पानावर गुन्ह्यांच्या बातम्या करतोय, म्हणून लिहिणं भाग आहे. धागाकर्त्यांचा राग रास्त आहे. फोटो चुकीचा लावणं ही चूकच, तिला सबब नाही.

बातमी कशी तयार होते ते सांगतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेसनोट येते. तिची भाषा पंचनाम्याची. 'गोपनीय बातमीदारामार्फत माहिती मिळाल्याने सापळा रचून', 'अंगझडतीत कमरेला खोचलेला', 'गावठी बनावटीचा कट्टा व दोन जिवंत काडतुसे असा एकूण इतक्या रकमेचा मुद्देमाल'. शेवटचा परिच्छेद सगळ्यात लांब, 'ही कामगिरी अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली तमुक यांच्या पथकाने केली', आणि त्यात पंधरा नावं. साडेसातला पान सोडायचं असतं. मी फोन करून विचारलं की काडतूस कुठलं, तर उत्तर येतं, 'तपास चालू आहे.' दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी असते. तो तपास पुढे कुठवर गेला हे विचारायला मी परत जात नाही, आणि माझा संपादकही ते मागत नाही. दुखणं इथे आहे आणि ते आमच्या बाजूचं आहे, हे मी मान्य करतो.

आता दुसरी बाजू. शस्त्राचा माग बातम्यांनी धरला असंही झालेलं आहे. दाभोलकर (२० ऑगस्ट २०१३), पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश (५ सप्टेंबर २०१७). या चार खुनांच्या वेळी ७.६५ एमएमच्या देशी पिस्तुलाबद्दल, पुंगळ्यांबद्दल (उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफलं), न्यायवैद्यक अहवालाबद्दल पत्रकार वर्षानुवर्षं लिहीत राहिले. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्याचं कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने अहवालाच्या आधारे मांडलं, तेव्हा वाचकाला त्याचा अर्थ लगेच कळला, कारण पाच वर्षं त्याला पुंगळी म्हणजे काय, नळीच्या खुणा म्हणजे काय, हे समजावून सांगितलं गेलं होतं. गावातल्या कट्ट्याला ती मेहनत मिळत नाही.

कुणगेवाला, तुम्ही संपादकांना पत्र लिहिलंत का? नसेल तर लिहा. पावतीची प्रत जोडा. आलेली तक्रार फाईलला लागते, ती वाया जात नाही.

चोपडेकर
७ नोव्हेंबर २०२४

मी उमर्टीच्या अलीकडचा. आमच्या चोपडा तालुक्याची हद्द संपली की मध्य प्रदेशचा बडवानी जिल्हा लागतो आणि तिथलं उमर्टी गाव कट्ट्यांसाठी महाराष्ट्रभर माहीत झालंय. पुण्यात कुणी पकडला, नाशकात कुणी पकडला, बातमीत आमचं नाव येणारच.

माझं रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी दोन पोरं मोटारसायकलवर आली. विशीतली असतील. हवा भरायचं निमित्त, आणि मग विचारलं, "काका, उमर्टीला कसं जायचं? कुणाला भेटावं लागतं?" मी म्हटलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्यातल्या एकाने मोबाईल काढून मला बातमीची क्लिप दाखवली. तिच्यात गावाचं नाव होतं, रस्ता होता, कट्टा किती हजारांना घेतला आणि किती हजारांना विकणार होता तेही होतं. एवढं सगळं छापल्यावर अजून काय जाहिरात करायची राहिली? मी त्यांना पाणी पाजलं आणि परत फिरा म्हणालो. फिरले की नाही, माहीत नाही.

म्हणून मला धागाकर्त्यांच्या मागणीत एक भर घालायची आहे. भाव छापू नका. आरोपीने किती पैसे दिले हे न्यायालयाला कळू दे, माझ्या पोराला कळायची गरज नाही. 'यूट्यूबवर पाहून घरीच बनवला' असा मथळाही नको. तो वाचून दहा जण यूट्यूब उघडतात.

आमच्याकडे केळीच्या बागा आहेत, रानडुकरं आमच्याकडेही आहेत. पण बंदुकीचा परवाना मागायला गेलं आणि पत्ता सांगितला की समोरचा माणूस मान वर करून बघतो.

गोदाकाठ
८ नोव्हेंबर २०२४

उमर्टीचा विषय निघाला म्हणून. मी नांदेडचा. आमच्या गल्लीत शिकलीगर शीख समाजाची घरं आहेत. हत्याराला पाणी देणारा, धार लावणारा तो शिकलगार, हा शब्द मराठीत जुना आहे. गुरूंच्या फौजेला शस्त्रं पुरवणारे ते आमचे पूर्वज, असं हे लोक अभिमानाने सांगतात. आज माझे शेजारी बादल्या, तवे, कढया करतात, कुलपांच्या किल्ल्या बनवतात. त्यांचा मुलगा आयटीआय करून नोकरीच्या मुलाखतीला गेला, तर आडनावावरून पहिला प्रश्न आला, "तुमच्याकडे कट्टे मिळतात ना?"

बातमीत आरोपीचं नाव असतंच. मग 'शिकलीगर टोळी' असं लिहायची काय गरज आहे? दुसऱ्या आरोपींच्या जातीची टोळी कुणी लिहीत नाही. बंदूकवाल्यांना एका फोटोने चार दिवस त्रास झाला, तो मी समजू शकतो. या पोरांना तो जन्मभर आहे.

शुभदा_प
८ नोव्हेंबर २०२४

माझं मत वेगळं आहे आणि ते शांतपणे वाचावं ही विनंती.

परवानाधारकांची प्रतिमा मलिन होते, हे वाचून मला प्रश्न पडतो की गोळी लागलेल्या माणसाला परवान्याने काय फरक पडतो? याच वर्षी २ फेब्रुवारीला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. आरोप आमदारावर, आणि हत्यार परवान्यावरचं. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं. ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं असल्याचं पोलिसांनी सांगितलं. मी शाळेत शिकवते. त्या आठवड्यात सातवीच्या मुलांनी तो व्हिडिओ मोबाईलवर पाहिला होता आणि मधल्या सुट्टीत ते त्याची नक्कल करत होते. त्या मुलांना मी 'हे परवान्यावरचं होतं बरं का' असं सांगू?

माध्यमांनी बंदुकीची भीती घातली तर त्यात मला चूक वाटत नाही. भीती वाटायलाच हवी.

तिसरी_गल्ली
८ नोव्हेंबर २०२४

शुभदाताई, त्या दोन्ही बातम्यांत 'परवान्यावरचं' हा शब्द होता म्हणूनच तुम्ही आज हे लिहू शकलात. धागाकर्ते तेवढंच मागतायत.

कुणगेवाला
९ नोव्हेंबर २०२४

तिसरी_गल्ली यांनी माझं अर्धं उत्तर देऊन टाकलं. शुभदाताई, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. दहिसरच्या वेळी पत्रकारांनी विचारलं की पिस्तूल कुणाचं, परवाना कुठला, तो अंगरक्षक कोण. म्हणून परवान्यांची फेरतपासणी करा अशी मागणी झाली, आणि ती योग्यच होती. आमच्यापैकी कुणी परवान्याचं हत्यार दुसऱ्याच्या हाती दिलं तर ते ठळक छापा. कोकणात दरवर्षी शिकारीत माणूस मरतो, सावजाऐवजी सोबत्याला गोळी लागते, आणि त्यात कधी कधी परवान्याची बंदूक उसनी नेलेली असते. तेही छापा.

आणि आता एक गोष्ट लिहितो जी घराबाहेर कधी बोललो नाही. मी दहावीत असताना एका संध्याकाळी वाडीतला एक जण आला. त्याच्याकडे काडतुसं संपली होती. बाबांनी कपाटातून दोन काढून त्याला दिली. साखर उसनी द्यावी तशी. त्याचा परवाना होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. बाबांना त्यात काही गैर वाटलं नाही, तेव्हा कुणालाच वाटत नसे. नंतर दोन काडतुसं उडाली म्हणून हिशोबात लागली असतील. गेले तीन दिवस मी इथे विचारतोय की काडतूस आलं कुठून, आणि मला सारखी ती संध्याकाळ आठवतेय. कपाटाचं दार उघडं होतं आणि बाबांच्या हातात ती दोन लाल काडतुसं होती.

म्हणजे हा प्रश्न बातमीदाराने विचारला तर तो फिरून आमच्या दारातही येईल. यायला हवा.

रिटायर_फौजदार
९ नोव्हेंबर २०२४

वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. एकतीस वर्षं खात्यात काढली, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कट्ट्याचे पंचनामे कितीतरी केले.

काडतुसाचं उत्तर काडतुसावरच असतं. बुडाशी कारखान्याची खूण उठवलेली असते. आमच्या पंचनाम्यात '८ एमएम के.एफ.' असं लिहिलेलं पुष्कळदा सापडेल. के.एफ. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, आपल्या पुण्याचा. ८ एमएम म्हणजेच .३१५. हे काडतूस ज्या रायफलीसाठी बनतं ती फक्त परवान्यावर मिळते. मग ते बाहेर गेलं कुठून? परवानाधारकाकडून, दुकानातून, किंवा वाटेत. चौथी वाट फार क्वचित. पेपरवाले 'के.एफ.' ही अक्षरं प्रेसनोटमधून जशीच्या तशी उतरवून छापतात. ती अक्षरं म्हणजे काय हे मला एकाही पत्रकाराने विचारलं नाही.

माग का लागत नाही तेही सांगतो. कट्टा घेऊन येणारा सापडतो. तो सांगतो, अमुककडून घेतला. तो अमुक परराज्यात. तिकडे पथक पाठवायचं तर मंजुरी, गाडी, तिथल्या पोलिसांची साथ. दोषारोपपत्रात त्याच्या नावापुढे 'फरार' लागतं. हत्यार तपासणीला मुंबईत कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं, अहवाल यायला महिने लागतात. विनापरवाना शस्त्राचा खटला चालवायला शस्त्र कायद्याच्या कलम ३९ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. तोवर पकडतानाची बातमी लिहिणारा पत्रकार बदलून गेलेला असतो. निकालाची बातमी येत नाही. आरोपी सुटला तरी येत नाही.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत दोन गोष्टी एकदमच झाल्या. बेकायदा हत्यार बनवणाऱ्याची शिक्षा वाढून कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप झाली. आणि परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली. पेपरात काय गाजलं आठवून बघा. तिसरं हत्यार जमा करा, मुदत अमुक तारखेपर्यंत, हे महिनोन्महिने आलं. बनवणाऱ्याच्या शिक्षेवर दोन ओळी.

कुणगेवाला, तुमच्या वडिलांसारखी माणसं मी खूप पाहिली. त्यांच्यावर राग धरू नका. पण तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

पिट्सबर्गकर
११ नोव्हेंबर २०२४

इथलं चित्र सांगतो, तुलना म्हणून. अमेरिकेत आल्यावर आठव्या वर्षी मी पिस्तूल घेतलं, रेंजवर जातो. इथे घरी बनवलेल्या, अनुक्रमांक नसलेल्या बंदुकीला माध्यमं 'घोस्ट गन' म्हणतात. भुताची बंदूक. स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला संघराज्याच्या कायद्याने मनाई नाही, न्यूजर्सीसारख्या काही राज्यांनी मात्र बंदी घातली आहे. सुटे भाग एकत्र विकणाऱ्या संचांवर २०२२ मध्ये नियम आला, की त्यांनाही अनुक्रमांक लागेल आणि घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी लागेल. त्यावरचा खटला इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, गेल्याच महिन्यात ८ तारखेला युक्तिवाद झाले.

माझ्या रेंजवरची जुनी मंडळी 'घोस्ट गन' हा शब्द ऐकला की चिडतात. त्यांच्यात निवृत्त लेथ कारागीर आहेत, हौसेने स्वतःची रायफल घडवतात. त्यांना वाटतं, आमच्या छंदाला पत्रकारांनी खुन्याचं नाव दिलं. त्यांचं दुःख खरं आहे. पण मला ते पूर्ण पटत नाही. माग लागू नये म्हणून ती बंदूक घेणारे आहेतच, आणि नाव दिल्याशिवाय त्या प्रश्नाकडे कुणी वळून पाहिलं नसतं. ते नाव वापरून सगळ्यांना एका ओळीत उभं केलं जातं, तिथे माझाही विरोध आहे.

तुमच्याकडचा फरक मला असा दिसतो. इथे घरी बनवणारा आणि बंदूकमालक बऱ्याचदा एकच माणूस असतो, म्हणून मालक माध्यमांवर चिडतात. तिकडे परवानाधारकाचा कट्ट्याशी काहीएक संबंध नाही, आणि तरी फोटो त्याच्या बंदुकीचा.

बोरू_झिजवतो
११ नोव्हेंबर २०२४

फौजदारसाहेब, 'के.एफ.' मीही आजवर नुसतं उतरवत आलो. तुमचा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

चोपडेकरांच्या भावाच्या मुद्द्यावर कालच आमच्याकडे बोलणं झालं. मुद्देमालाची एकूण रक्कम प्रेसनोटमध्ये असते, ती आम्ही सवयीने छापतो. ती गाळली तर बातमीचं काही बिघडत नाही. निदान माझ्या बातमीत यापुढे ती नसेल. गोदाकाठ यांनी लिहिलं त्याबद्दलही तेच.

नेमबाज_कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

८ जुलै २०२२ ला जपानमध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबेंना घरी बनवलेल्या हत्याराने मारलं, तेव्हा आपल्या वाहिन्यांवर त्या हत्याराचे भाग गोल करून, बाण काढून दाखवत होते. आमचे प्रशिक्षक क्लबवरच्या टीव्हीसमोर उभे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि आम्हाला सांगितलं, आज सराव नाही, आज सगळ्यांनी सुरक्षेचे नियम पहिल्यापासून म्हणून दाखवायचे. सोळा जणांनी एकामागून एक म्हटले. नळी कायम सुरक्षित दिशेला. बोट चापाबाहेर. भरलेलीच आहे असं समजून हाताळायचं.

शुभदाताई, तुमच्या शाळेतल्या मुलांना जमलं तर एकदा जवळच्या क्लबवर घेऊन या. मुलं तिथे खूप गप्प होतात, मी पाहिलंय.

शुभदा_प
१३ नोव्हेंबर २०२४

मुख्याध्यापकांना विचारते. पालक तयार होतील असं वाटत नाही, पण विचारते. माझं मत बदललेलं नाही. मात्र कुणगेवाला यांनी वडिलांबद्दल लिहिलं ते वाचल्यावर मला निदान हे कळलं की समोर कोण बोलतंय.

कुणगेवाला
२९ नोव्हेंबर २०२४

बऱ्याच दिवसांनी आलो. मध्ये कापणी, मळणी होती.

संपादकांना पत्र पाठवलं, पावतीची प्रत जोडली. बोरू_झिजवतो यांनी सांगितलं होतं तसं शांतपणे लिहिलं. त्यांच्या वार्ताहराचा फोन आला. चांगला मुलगा आहे, सव्वीस-सत्तावीसचा. म्हणाला, "काका, मला वाटलं सगळ्या जप्तच केलेल्या असतात." त्याने आजवर कधी बंदूक हातात घेतलेली नाही, परवाना कसा दिसतो हेही पाहिलेलं नव्हतं. मी त्याला घरी बोलावलं. तो आला, परवान्याची पानं उलटून पाहिली, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी पाहिल्या, आईच्या हातच्या घावण्या खाल्ल्या. मागच्या रविवारी आतल्या पानावर चार ओळी आल्या, 'प्रसिद्ध झालेले छायाचित्र आचारसंहितेमुळे जमा केलेल्या परवानाधारक शेतकऱ्यांच्या बंदुकांचे होते.' आईने त्या कापून परवान्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या. तो मुलगा आता काडतुसांवर काही लिहायचं म्हणतोय. फौजदारसाहेब, तुमचा निरोप त्याला दिलाय, परवानगी असेल तर तुमच्याशी बोलेल.

निकालानंतर बंदूक परत मिळाली. नळीच्या तोंडाशी तांबेरा चढलाय आणि आत काळे ठिपके आहेत. दमट खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या सगळ्या. तार शाबूत आहे. फौजदारसाहेब, पुढच्या वेळी जमा करताना पावतीवर नंबराबरोबर स्थितीही लिहून घेता येते का?

वरच्या दोन कुणग्यांतलं (खाचरांतलं) भात डुकरांनी नेलं. खालचं आलं. आता तिथे कुळीथ पेरलाय, आज रात्री मांगरावर झोपायला जाणार आहे.

रिटायर_फौजदार
२९ नोव्हेंबर २०२४

येतं. 'नळी आतून स्वच्छ, दस्त्याला तांब्याची तार' असं तुम्ही स्वतः सांगून लिहून घ्या आणि खाली ठाणे अंमलदाराची सही घ्या. आत्ताच्या ठिपक्यांना पितळी ब्रश आणि बंदुकीचं तेल, तीन दिवस रोज. मगच बार काढा. वार्ताहराला माझा निरोप द्या, रविवारी सकाळी घरी असतो.